थंडीत न लागणारा मॉनिटर

मिक्सर बिघडला की सरळ बंद पडतो. मॉनिटर आधी आढेवेढे घेतो. आमच्याकडचा सकाळी बटण दाबलं की डोळे मिचकवायचा, क्षणभर चित्र दाखवायचा आणि गुल. चार-पाचदा मनधरणी केली की मात्र असा लागायचा, की रात्रीपर्यंत तक्रार नाही. मे महिन्यात तर एकदम शहाणा. खरे नखरे डिसेंबर-जानेवारीत. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की नाशकात आम्ही स्वेटर घालून त्याची आराधना करत बसायचो.

दुकानदाराने मॉनिटर न उघडताच निकाल दिला, ‘बोर्ड गेलाय. त्यापेक्षा नवीनच घ्या.’ न बघता ‘गेलाय’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. याउलट शेजारचे काका. अंबडच्या एका स्विचगिअर कारखान्यात त्यांची हयात गेली. त्यांनीही मॉनिटर पाहिला नाही, पण एकच प्रश्न विचारला, ‘थंडीतच त्रास देतो ना? मग कॅपॅसिटर.’

त्यामागचं कारण ऐकून मी थक्क झालो. कॅपॅसिटर म्हणजे बोर्डावरची वीज साठवणारी छोटी डबी. या डबीच्या पोटात एक द्रव असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो आटत जातो, कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. थंडीत तो आणखी वाढतो, म्हणून सकाळी आतला वीजपुरवठा उभाच राहत नाही. बोर्ड जरा तापला की गाडी रुळावर. म्हणजे आमचा मॉनिटर लहरी नव्हताच, तो इमानेइतबारे हवामान सांगत होता.

उघडायचा ठरल्यावर काकांनी आधी प्लग काढून बाजूला ठेवायला लावला आणि तरीही मला हात लावू दिला नाही. घरातली 230 व्होल्टची वीज आत गेली की सवातीनशे व्होल्टची डीसी होऊन एका मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठते, आणि प्लग काढल्यावरही तिथे दबा धरून बसू शकते. त्यांनी जुना बल्ब जोडून ती उतरवली, मल्टिमीटरने खात्री केली, मगच ‘हं, ये’ म्हणाले. (जुना डबा मॉनिटर असता तर मला खोलीतच थांबू दिलं नसतं. पिक्चर ट्यूबमध्ये वीस हजारांच्या वर व्होल्ट असतात.)

दोषी शोधायला मल्टिमीटर लागलाच नाही. शेजारशेजारच्या दोन कॅपॅसिटरची डोकी पुरीसारखी फुगली होती. त्या डोक्यांवर मुद्दाम फुलीची खाच पाडलेली असते. आत दाब वाढला तर स्फोट न होता तिथूनच फुटावं म्हणून. एकाच्या खाचेतून तपकिरी खपली बाहेर आली होती.

एम. जी. रोडच्या बाजूला चिठ्ठी घेऊन गेलो: 1000 मायक्रोफॅरॅड, 25 व्होल्ट, 105 अंशांपर्यंत उष्णता सोसणारे. ‘85 अंशवाले गळ्यात मारतील, घेऊ नको’, ही काकांची ताकीद. दोन्ही मिळून जेवढे पैसे झाले तेवढ्यात नाशकात मिसळही येत नाही. नव्यांची पांढरी पट्टी, म्हणजे ऋण टोक, बोर्डावरच्या खुणेशी जुळवून काकांनी डाग दिले. हात जराही थरथरला नाही.

मॉनिटर पहिल्याच दाबाला लागला. काकांनी मजुरी म्हणून कोंडाजीचा चिवडा तेवढा घेतला, आणि जाता जाता आमच्या सेट-टॉप बॉक्सकडे अशा नजरेने पाहिलं की बायकोने घाईघाईने त्यावर रुमाल टाकला.