शिबिरात भरलेला दात

कापूस वेचणीचे दिवस असल्यामुळे दवाखाना जवळजवळ रिकामा होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात दिवाळी ते संक्रांत या काळात ज्यांना ठणक्यामुळे रात्रभर डोळा लागलेला नसतो, तेच दातांच्या डॉक्टरकडे येतात. बाकीचे वेचणी आटोपेपर्यंत लवंग दाताखाली धरून दिवस काढतात. त्यामुळे त्या सकाळी चाळिशीतल्या एक बाई दिवसाची मजुरी बुडवून, काहीही दुखत नसताना येऊन बसल्या, याचेच मला नवल वाटले.

"दुखत नाही जी," पदर तोंडावर धरूनच त्या म्हणाल्या. "पण हा दात माहा वाटत नाही. लोक इचारते, खोटा बसवला का म्हणून."

पदर खाली घेतला तेव्हा त्यांचे म्हणणे लगेच पटले. वरच्या समोरच्या दोन दातांपैकी उजव्या दाताच्या कडेला, दोन दातांच्या फटीलगत, पूर्वी सिमेंट भरलेले होते. ('सिमेंट' हा इकडचा शब्द, कॉम्पोझिट म्हटले तर कोणाला कळत नाही.) त्यांच्या सगळ्या दातांवर आडव्या तपकिरी रेघा आणि मधूनमधून खडूसारखे पांढरे डाग होते, आणि त्या सगळ्यात तो एकच तुकडा नव्या चिनीमातीच्या कपासारखा चमकत होता. त्याच्या कडेने काळी रेघ उमटली होती. तिथे बारीक टोकाचे हत्यार फिरवले तर ते अडकले. म्हणजे भरलेल्याच्या खालून कीड पुन्हा सुरू झाली होती.

"कोणाकडे भरला होता, मावशी?"

"तुमीच त भरला मॅडम. शाळंत शिबिर होतं तवा."

मी जुनी वही काढली. चार वर्षांपूर्वीच्या शिबिराच्या पानावर त्यांचे नाव होते आणि त्यापुढे माझ्याच अक्षरात भरलेल्या सिमेंटची छटा लिहिली होती, ए-२, म्हणजे एक फिकट रंग. त्या पानावर ज्यांचे ज्यांचे दात भरले, त्या सगळ्यांपुढे ए-२ हेच होते.

या भागातले दात असे का दिसतात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पांढरकवडा, झरी जामणी, वणी या पट्ट्यात अनेक ठिकाणी जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही मर्यादा ओलांडलेले पाणी लहान मूल वर्षानुवर्षे प्याले, तर जबड्यात घडत असलेल्या दातांचे कवच सदोष बनते. समोरच्या कायमच्या दातांची ही घडण मूल शाळेत जाऊ लागेपर्यंत बहुतेक आटोपलेली असते, त्यामुळे डागांचे मूळ दात उगवण्यापूर्वीच पडलेले असते आणि घासून डाग जात नाहीत. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ल्याने येणारे डाग वेगळे. ते वरवरचे असतात आणि निघतात. तरीही या बाईंना सासरी पहिल्या वर्षी खर्रा खातेस का, असे विचारले गेले होते. असे दात किडत नाहीत, असाही एक समज आहे. तो खरा नाही; कवच जिथे खड्ड्याखड्ड्यांचे असते तिथे उलट अन्न अडकते.

आमच्या छटापट्टीवर सोळा रंग असतात. तपकिरीकडे झुकणारे, पिवळट, राखाडी आणि लालसर राखाडी अशा चार गटांत ते मांडलेले असतात. पण रेघ त्यांतल्या एकावरही नसते. आपण 'दाताच्या रंगाचे सिमेंट' म्हणतो तेव्हा कोणाच्या दाताचा रंग, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता.

आधी मी नेहमीचेच सुचवले. सगळेच दात थोडे उजळ करता येतील, असे म्हटले.

"मले पांढरा नोको," त्या म्हणाल्या. "माह्या बहिणीचे असेच हायेत, भावाचे असेच हायेत. आमच्या हापशीच्या पाण्याचा रंग हाये तो. त्याच्यासारखाच करून द्या."

पांढरे करणे हे माझ्या हातातले काम होते. तपकिरी करणे मी कधी केले नव्हते.

तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, दात कोरायच्या मशीनला हवा देणारा कॉम्प्रेसर चालत नाही. म्हणून त्यांना ओसरीवर खुर्ची दिली आणि उत्तरेच्या उजेडात छटा पाहायला घेतली. खरे तर पाहायची ती अशीच असते. दात ओला असताना, काम सुरू करण्याआधी, दिवसाच्या प्रकाशात. कारण तोंड उघडे ठेवून दात सुकला की तो आहे त्याहून पांढरा दिसू लागतो. ए-२ हून गडद अशा ए-३.५ छटेचा दाण्याएवढा गोळा दातावर नुसता चिकटवून निळ्या दिव्याने कडक केला, कारण ओला माल आणि कडक झालेला माल यांच्या रंगात फरक पडतो. आरसा दिला. त्या म्हणाल्या, जवळ आला, पण सपाट दिसतो. मी तो नखाने उडवला आणि रेघांचे चित्र वहीत काढून घेतले. मधली रेघ दाट, खालची तुटक.

लाइट आल्यावर सुई दिली, जुने सिमेंट आणि खालची कीड काढली. कीड खोल नव्हती. या वेळी रबराचा पडदा लावून दात थुंकीपासून वेगळा केला. शिबिरात कापसाच्या बोळ्यांवर भागवले होते, आणि कड सुटण्याचे एक कारण बहुधा तेच असावे. दुसरे कारण कवचाचे. आम्लाने कवच खरखरीत करून त्याला राळ चिकटवण्याची युक्ती अमेरिकी दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवली आणि आमचे सगळे काम आजही तिच्यावर उभे आहे. पण फ्लोराइडने भरलेला वरचा थर आम्लाला दाद देत नाही. नेहमीच्या पंधरा सेकंदांनी दात दहिवर पडल्यासारखा पांढुरका दिसायला हवा, तो दिसेना. मी कडेचा थर बारीक मशीनने किंचित खरवडला, आम्लाचा वेळ दुप्पट केला, तेव्हा कुठे तो रंग आला.

मग चिकटद्रव्य, मग डोक्यावरचा दिवा बाजूला वळवून पहिला थर, कारण त्या उजेडानेही माल हळूहळू घट्ट व्हायला लागतो. थर दोन मिलिमीटरच्या आत ठेवायचा आणि वीस सेकंद निळा दिवा धरायचा. त्यावर तपकिरी रंगाची एक बारीक नळी, जी मी कधीतरी हौसेने मागवली होती आणि जिची मुदत सुदैवाने संपलेली नव्हती, तिच्यातला टिपूस रूट कॅनालच्या सुईच्या टोकावर घेऊन रेघ ओढली. पहिली रेघ भुवईसारखी कोरीव आली; पुसली. दुसरी थरथरत्या हाताने ओढल्यासारखी आली, आणि ती शेजारच्या दाताच्या रेघेला जाऊन मिळाली. तिच्यावर पारदर्शक मालाचा पातळ थर देऊन घासून घेतले. एरवी अर्ध्या तासाचे काम, त्याला पावणेदोन तास लागले.

आरशात त्यांनी बराच वेळ पाहिले, ओठ वर करून, मग हसून. रंग चहाने पुढे बदलू शकतो, कड सहा महिन्यांनी तपासून घ्या, असे मी सांगत होते. त्यांचे माझ्याकडे लक्ष नव्हते.

पैसे किती, असे विचारल्यावर मी नको म्हटले. चूक माझीच होती, तिचे पैसे कसे घ्यायचे?

त्यांनी पदराची गाठ सोडली आणि दोन नोटा वहीखाली सरकवल्या. "ठेवा जी. फुकटातला दात पाह्यला ना मी चार वर्सं."

आणि पांढरकवड्याची एसटी गाठायला त्या निघून गेल्या.