35 अंशांचा फोन, 45 अंशांचं नागपूर

कुठल्याही आयफोनच्या तांत्रिक माहितीचं पान उघडा आणि पार तळाशी जा. तिथे बारीक अक्षरात एक ओळ सापडते: फोन वापरायचा तो 0 ते 35 अंश सेल्सिअसमध्ये, आणि बंद करून ठेवायचा तो उणे 20 ते 45 अंशांमध्ये. ॲपलच्या सप्टेंबरच्या कार्यक्रमात ही ओळ कुणी वाचून दाखवत नाही. 9 सप्टेंबर 2025 ला आपल्याकडे रात्री साडेदहाला तो कार्यक्रम सुरू झाला. आयफोन 17, एअर, 17 प्रो, नवी घड्याळं, नवे एअरपॉड्स असं सगळं आलं आणि चर्चा रंगली ती केशरी रंगाची. नागपुरात मार्चमध्येच पारा 35 ओलांडतो आणि जूनमध्ये पाऊस येईपर्यंत दुपारी त्याच्या खाली येत नाही. म्हणजे वर्षाचे तीन-साडेतीन महिने आपण फोन त्याच्या ठरवलेल्या मर्यादेबाहेर वापरतो. म्हणून त्या घोषणांमध्ये काय कामाचं आहे हे आधी उन्हाच्या बाजूनं बघायला हवं.

त्या बाजूनं एक गोष्ट खरंच मोलाची आहे. 17 प्रो आणि प्रो मॅक्समध्ये टायटॅनियम सोडून ॲल्युमिनियमची बॉडी आली आणि आत व्हेपर चेंबर बसवला गेला. व्हेपर चेंबर म्हणजे धातूची चपटी, सीलबंद डबी, तिच्यात अगदी थोडं शुद्ध पाणी. चिपजवळ पाण्याची वाफ होते, ती वाफ डबीच्या थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते आणि चिपची उष्णता सगळ्या बॉडीभर पसरते. टायटॅनियम उष्णता वाहून न्यायला फार आळशी धातू आहे. ॲल्युमिनियम त्याच्या सुमारे वीसपट बरं. त्यामुळे 15 प्रोवर कॅमेऱ्याजवळचा एकच कोपरा चटके देत असे, तसं इथे व्हायला नको.

पण इथं एक साधं गणित विसरू नका. फोनची उष्णता बाहेर जाते ती बॉडी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकामुळे. 25 अंशांच्या खोलीत फोनची पाठ 45 ला पोचली तर फरक 20 अंशांचा, उष्णता भराभर निघते. मे महिन्यात दुपारी दोनला सीताबर्डीवर हवा 43 अंशांची असेल तर त्याच 45 च्या पाठीला फरक मिळतो फक्त 2 अंशांचा. व्हेपर चेंबर उष्णता पसरवेल, पण घालवणार कुठे? वर थेट ऊन आणि काळी काच असेल तर उष्णता बाहेर जायच्या ऐवजी आत येते. म्हणून 17 प्रो घेतला की उन्हाळ्याची काळजी मिटली, असं दुकानदार म्हणाला तर ते अर्धंच खरं. कूलरच्या खोलीत गेम खेळताना, बरंच मोठं व्हिडिओ शूटिंग करताना फरक नक्की जाणवेल. रस्त्यावर मात्र तो फोनही बाकीच्यांसारखाच तापणार. साध्या 17 मध्ये आणि एअरमध्ये तर व्हेपर चेंबर नाहीच.

तापल्यावर साधारण असं होतं. आधी चिप स्वतःचा वेग कमी करते, मग स्क्रीन मंदावते. उन्हात 3000 निट्सपर्यंत (निट हे उजेडाचं माप) उजेड देणारी स्क्रीन आहे, पण नेमक्या उन्हातच फोन तापून ती अंधारते, तक्रार हीच असते. मग कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद होतो, चार्जिंग थांबतं, नेटवर्क कमजोर होतं आणि शेवटी तापमानाचा इशारा देणारा पडदा येतो. त्या वेळी करायचं एवढंच: सावलीत या, कव्हर काढा, फोन बंद करा आणि पंख्याखाली ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका, कूलरच्या टाकीवर किंवा माठावर टेकवू नका. गरम फोन एकदम गार झाला की आतल्या हवेतलं बाष्प सर्किटवर दव होऊन बसतं.

गाडीच्या डिक्कीत फोन ठेवायची सवय मात्र सोडाच. स्कूटरच्या सीटखाली खालून इंजिनाची धग आणि वरून उन्हात तापलेलं सीट. 45 अंशांची साठवणीची मर्यादा तिथे केव्हाच मागे पडते, आणि ही मर्यादा बंद फोनची आहे. हँडलवर माउंट लावून नकाशा बघणाऱ्यांसाठी दुसरा धोका आहे: मोटरसायकलच्या जोरदार कंपनांमुळे कॅमेऱ्याचं स्थिरीकरण आणि ऑटोफोकस बिघडू शकतो, असं ॲपलनंच 2021 मध्ये सांगितलेलं आहे. मोपेड आणि स्कूटरलाही कंपन शोषणारा माउंटच वापरावा, असा त्यांचा सल्ला आहे. वर्धा रोडवर भरउन्हात हँडलवर नकाशा, जीपीएस, मोबाईल डेटा आणि वरून चार्जरही जोडलेला, म्हणजे फोन तापवायची सगळी सामग्री एकत्र. फोन खिशात ठेवून एका कानात इअरफोन घाला आणि रस्ता आवाजावर ऐका.

आणि दुपट्टा! उन्हाळ्यात इथं डोळे सोडून सगळा चेहरा बांधलेला असतो आणि डोळ्यांवर गॉगल. आयफोन 12 पासून पुढे फेस आयडी मास्कसह चालतो, तो डोळ्यांभोवतीचा भाग बघून. साधा नंबरचा चष्मा असेल तर तो सेटिंग्जमध्ये फेस आयडीखाली जोडून घेता येतो, पण मास्क आणि गॉगल एकत्र असले की ओळख पटत नाही. गॉगल वर करा किंवा पासकोड टाका. फेब्रुवारी 2025 मध्ये आयफोन 16ई आला तेव्हा बोटाच्या ठशाचा शेवटचा आयफोनही यादीतून गेला. या शहरासाठी ती खरी उणीव आहे आणि सप्टेंबर 2025 मध्येही कुणी ती भरून काढली नाही.

बॅटरीचं आयुष्य खातं ते ऊन आणि पूर्ण चार्ज यांची जोडी. 100 टक्के भरलेली बॅटरी 40 अंशांत तासन् तास पडून राहणं सगळ्यात वाईट. आयफोन 15 किंवा त्यापुढचा फोन असेल तर सेटिंग्ज, बॅटरी, चार्जिंग इथे जाऊन मर्यादा 80 टक्क्यांवर लावा आणि होळीपासून पावसापर्यंत तशीच राहू द्या. मधूनच एखाद्या रात्री फोन 100 पर्यंत भरला तर तो बिघाड नव्हे. टक्केवारीचा हिशोब बरोबर राहावा म्हणून फोन तसं करतो. 14 किंवा त्याआधीच्या फोनला ही सोय नाही, तिथे 80 ला पोचल्यावर चार्जर हातानंच काढावा लागतो. वायरलेस चार्जिंग उन्हाळ्यात बंदच ठेवा, त्यात बरीच ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. वायरनं, कव्हर काढून, गादीवर नव्हे तर फरशीवर किंवा लाकडी टेबलावर चार्जिंग करा, आणि शक्यतो पहाटे. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रात्री अकरालाही भिंती धग सोडत असतात.

  

आता सॉफ्टवेअर. जूनमध्ये जाहीर झालेलं आयओएस 26 (आयफोनचं मूळ सॉफ्टवेअर) हे 15 सप्टेंबरला आलं. 18 नंतर थेट 26, कारण आता नावं येणाऱ्या वर्षावरून ठेवली आहेत. मधलं काही तुमचं चुकलेलं नाही. त्याचं नवं काचेसारखं रूप, लिक्विड ग्लास, यावर इंग्रजीत ढीगभर लिहून झालं. मराठीत वाचणाऱ्याची अडचण वेगळी आहे. इंग्रजी अक्षराचा जीव त्याच्या मधल्या भागात असतो, आपल्या अक्षराचा बराचसा शिरोरेषेच्या वर: मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. मागे फुटाळा तलावावरच्या सूर्यास्ताचा उजळ फोटो आहे आणि वर पारदर्शक पट्टीवर ‘उद्या वीज बंद’ असा मेसेज आला, तर ‘बंद’वरचा ठिपका उजेडात विरघळतो आणि वाचणाऱ्याला ‘बद’ दिसतं. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना तर फारच. ही बारीक तक्रार नव्हे, कारण आपल्या लिपीत त्या ठिपक्यावर अर्थ टांगलेला असतो.

यावर उपाय आहेत. आयओएस 26.1 पासून सेटिंग्ज, डिस्प्ले अँड ब्राइटनेस, लिक्विड ग्लास इथे ‘टिंटेड’ हा पर्याय मिळतो, त्यानं काच दुधाळ होते. तेवढ्यानं भागलं नाही तर ॲक्सेसिबिलिटी, डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ इथे जाऊन ‘रिड्यूस ट्रान्सपरन्सी’ चालू करा, सोबत ‘इन्क्रीज कॉन्ट्रास्ट’ही. ‘बोल्ड टेक्स्ट’ मात्र जपून. लहान आकारात जाड रेघांमुळे ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ष्ट’ अशी जोडाक्षरं आतून बुजतात. त्यापेक्षा अक्षराचा आकार एक घर वाढवा.

माझ्या मते मराठी माणसासाठी या सगळ्या काळातली सगळ्यात मोठी गोष्ट कुठल्याच मोठ्या कार्यक्रमात आली नाही. ती 31 मार्च 2025 च्या आयओएस 18.4 मध्ये गुपचूप आली: फोनची मूळ भाषा म्हणून मराठी. त्याच अपडेटमध्ये एकूण दहा भाषा वाढल्या. सेटिंग्ज, जनरल, लँग्वेज अँड रीजन, तिथे ‘ॲड लँग्वेज’मध्ये मराठी निवडली की सगळा फोन मराठीत. घरातल्या आजी-आजोबांना फोन द्यायचा असेल तर हे आधी करा. अडचण येते ती एकच: मदत करणाऱ्याला यूट्यूबवरचे सगळे रस्ते इंग्रजी नावांनी पाठ असतात. म्हणून सेटिंग्जमधला क्रम लक्षात ठेवा, नावं नव्हे.

आयओएस 26 नं मराठी कॅलेंडरही दिलं. सेटिंग्ज, ॲप्स, कॅलेंडर, अल्टरनेट कॅलेंडर्स, मराठी. त्याच यादीत विक्रम संवताचं कॅलेंडरही आहे, त्यावर चुकून बोट ठेवू नका. उत्तरेकडची गणना पौर्णिमान्त (महिना पौर्णिमेला संपतो), आपली अमान्त (महिना अमावास्येला संपतो). कृष्ण पक्षात महिन्याचं नाव बदललेलं दिसतं आणि हिंदी-मराठी शेजार असलेल्या आपल्या शहरात हा घोळ नेहमीचाच. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे तर हे आधीच बघून ठेवा. लॉक स्क्रीनवरचं घड्याळ देवनागरी आकड्यांत हवं असेल तर स्क्रीन दाबून धरा, कस्टमाइझ, वेळेवर टिचकी, आणि पृथ्वीगोलाच्या चिन्हातून देवनागरी.

ॲपल इंटेलिजन्स, म्हणजे ॲपलच्या एआय सोयी, यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ते 15 प्रो आणि त्यापुढच्याच फोनवर चालतं, भारतीय इंग्रजी त्याला येतं, मराठी येत नाही. एअरपॉड्समधलं थेट भाषांतर तर फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा भाषांचं. मराठी नाही, हिंदीही नाही. त्यासाठी पैसे मोजू नका.

घ्यायचाच असेल तर साधा 17 घ्या. सप्टेंबर 2025 मध्ये तो आला तेव्हा 82,900 रुपयांत 256 जीबी आणि 120 हर्ट्झची स्क्रीन मिळत होती. 2024 मध्ये 16 चा 256 जीबी बाजारात आला तो 89,900 ला, म्हणजे तेवढ्याच जागेला हा स्वस्तच. 17 प्रो आला तो 1,34,900 पासून. 22 सप्टेंबर 2025 ला एसी आणि मोठ्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, फोनवर तो आधीपासून 18 च होता. त्यामुळे त्या कारणानं फोन स्वस्त होणार नव्हता आणि झालाही नाही.

एअर हातात घेतला की मोह होतो: 5.6 मिलिमीटर जाडी, 165 ग्रॅम. पण त्यात सिमकार्डाची खाचच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं डिजिटल सिम. फोन पडला, फुटला, तर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायची सोय गेली. शिवाय सिम बदललं की सुरक्षेसाठी 24 तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे बँकेचा ओटीपी येत नाही. ज्या दिवशी हप्ता भरायचा किंवा गावी पैसे पाठवायचे, त्या दिवशी हे काम काढू नका. शनिवारी संध्याकाळी करा आणि आधी घरात थोडी रोकड ठेवा.

जुना फोन असलेल्यांसाठी: आयओएस 26 आयफोन 11 पासून पुढे आणि एसईच्या दुसऱ्या पिढीपासून पुढे. 2018 चे एक्सआर, एक्सएस आणि एक्सएस मॅक्स सुटले. एक्सआर फेकायची गरज नाही, व्हॉट्सॲप आणि बँकेची कामं त्यावर चालतात. पण सेकंडहँडमध्ये आज तो विकत घेणं चूक. 11 किंवा 12 घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी जनरल, अबाउट उघडून ‘पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी’ बघा. बॅटरीसमोर ‘अननोन पार्ट’ लिहिलेलं असेल तर किंमत त्या हिशोबानं बोला. अपडेट टाकल्यावर दोन-तीन दिवस फोन तापतो, बॅटरी उतरते. फोन आतून सगळ्या फाइल्स आणि फोटो पुन्हा चाळत असतो. म्हणून मोठं अपडेट एप्रिल-मेमध्ये टाकू नका, थंडीतच उरकून घ्या.

छपाईच्या दुकानांतल्या मॅकबद्दल, म्हणजे ॲपलच्या संगणकांबद्दल, मात्र आत्ताच हालचाल करायला हवी. मॅकओएस टाहो हे 2025 चं मूळ सॉफ्टवेअर इंटेल चिपच्या मॅकसाठी शेवटचं, तेही 2019-20 च्या चारच मॉडेल्सना मिळालं, आणि नव्या मॅकवर जुनी इंटेल सॉफ्टवेअर चालवणारं रोझेटा पूर्ण स्वरूपात मॅकओएस 27 पर्यंतच. ज्यांच्या लग्नपत्रिकांच्या फाइल्स जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अडकल्या आहेत, त्यांनी लग्नसराईची गर्दी व्हायच्या आत एक जुनी पत्रिका युनिकोडमध्ये बदलून छापून बघावी. तपासताना आधी ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ बघा, मग रफार. बदलताना मोडतात ती आधी हीच अक्षरं.