झिनफांडेलच्या रसातील साखर मोजताना

उत्तर कॅलिफोर्नियात घरी वाइन करणाऱ्यांना लोडाय परिसरातील झिनफांडेल द्राक्षे हंगामात थेट बागेतून मिळू शकतात. (दोन प्रौढ व्यक्तींच्या घराला स्वतःच्या वापरासाठी वर्षाला २०० गॅलनपर्यंत वाइन करण्याची मुभा अमेरिकेच्या संघीय कायद्यात आहे, विक्रीची नाही.) या द्राक्षाची वाइन मला अतिशय प्रिय आहे, परंतु त्याच्या रसातील साखर मोजताना घाई करून चालत नाही.

याचे कारण घडातच आहे. झिनफांडेलच्या एकाच घडात हिरवट मणी, पूर्ण पिकलेले मणी आणि वेलीवरच सुकून मनुका झालेले मणी शेजारी शेजारी असतात. द्राक्षे चुरडल्याबरोबर जो रस सुटतो तो मुख्यतः रसरशीत मण्यांचा असतो; मनुकांमधील साखर आतच राहते आणि लगदा एक-दोन दिवस भिजल्यावर हळूहळू रसात उतरते. त्यामुळे पहिल्या दिवशी २४ अंश ब्रिक्स (रसातील साखरेचे माप) दाखवणारा रस नंतर २६ किंवा त्याहूनही वर जाऊ शकतो. २४ अंशांच्या रसातून साधारण साडेतेरा टक्के अल्कोहोलची वाइन होते, तर २७ अंशांच्या रसातून पंधरा टक्क्यांच्या पुढची. इतक्या अल्कोहोलमध्ये यीस्ट थकते आणि साखर शिल्लक असतानाच आंबणे थांबण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून मी लगदा थंड ठेवून भिजू देतो, तळापर्यंत ढवळतो, निरनिराळ्या खोलीवरचा रस एकत्र करून गाळतो आणि त्यानंतरचा आकडाच आरंभीचा आकडा म्हणून वहीत लिहितो. रसात पाणी घालायचे की नाही, हेही त्यावरूनच ठरवतो.

सांगली-कोल्हापूरकडील वाचकांना ब्रिक्स हा शब्द उसाच्या रसामुळे परिचित असेल. १०० ग्रॅम द्रावणात जितके ग्रॅम साखर, तितके अंश ब्रिक्स. द्राक्षरसात मात्र ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या जोडीला आम्ले, क्षार, टॅनिन हेही विरघळलेले असते आणि हायड्रोमीटर, म्हणजे रसात तरंगणारा काचेचा मापक, या सर्वांची मिळून घनता मोजतो. २४ अंश ब्रिक्स म्हणजे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतील घनता) सुमारे १.१०१.

हायड्रोमीटर उभ्या नळीतील रसात सोडल्यावर त्याला बोटांनी हलकीशी गिरकी द्यावी, म्हणजे काचेला चिकटलेले बुडबुडे सुटतात. आंबणाऱ्या रसात हे विशेष आवश्यक असते, कारण कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलून धरतात आणि साखर आहे त्याहून जास्त भासते. नजर रसाच्या पातळीत आणून, काचेलगत चढलेली कड सोडून, सपाट पृष्ठभागाशी आकडा वाचावा. तापमानही लिहावे. २० अंश सेल्सिअससाठी आखलेला हायड्रोमीटर ३० अंशांच्या रसात अर्धा ते पाऊण अंश ब्रिक्स कमी दाखवतो, आणि आंबताना लाल द्राक्षांचा लगदा सहज तितका तापतो.

नाशिकच्या द्राक्षबागांत वापरला जातो तो रिफ्रॅक्टोमीटर बागेत उत्तम, कारण त्याला रसाचे दोन थेंब पुरतात. आंबणे सुरू झाल्यावर मात्र तो थेट वाचू नये. तो प्रकाशाचे वक्रीभवन मोजतो. अल्कोहोलमुळे ते पाण्यापेक्षा वाढते, आणि म्हणून साखर संपलेल्या वाइनमध्येही तो सात-आठ अंश दाखवत राहतो. त्या आकड्याला आरंभीच्या ब्रिक्सच्या आधारे दुरुस्ती करावी लागते.

हायड्रोमीटर शून्यावर आला म्हणजे साखर संपली, हाही समज बरोबर नाही. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे कोरडी, म्हणजे साखर संपलेली, वाइन शून्याच्या खाली, साधारण उणे एक ते उणे दीड अंशापर्यंत, म्हणजे विशिष्ट गुरुत्वात ०.९९४ ते ०.९९६ च्या आसपास उतरते. अल्कोहोल जास्त असेल तर उणे एकवरही थोडी साखर दडलेली असू शकते. काही दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे सारखे आले, की मी अवशिष्ट साखरेची तांब्याच्या क्षारावर आधारलेली चाचणी करतो, ज्यात साखर असेल तर निळा रंग हिरव्याकडे आणि पुढे नारिंगीकडे झुकतो. साखर ०.२ टक्क्यांच्या खाली असल्याचे त्यात दिसले, तरच ती वाइन पिंपात साठवण्यास घेतो.