चारही बाजू बरोबर, तरी घर वाकडं

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला उताराचा प्लॉट, घर 36 बाय 28 फुटांचं. मी पोहोचलो तेव्हा लाइनआउट, म्हणजे जमिनीवर दोऱ्यांची आखणी, झालं होतं, त्यावर फक्की (पांढरी पूड) मारायची बाकी होती. मेस्त्रीने टेप हातात दिली आणि म्हणाला, "मोजून बघा सर, चारही बाजू सुतात आहेत." होत्याच. समोरासमोरच्या दोन 36, दोन 28, सुताचाही (इंचाच्या आठव्या भागाचाही) फरक नाही. कोपऱ्यात काटकोन तपासायचा दोन फुटी गुण्या लावला, तोही चपखल बसला.

मग कर्ण मोजले. एक भरला 45 फूट 6 इंच, दुसरा 45 फूट साडेआठ इंच. अडीच इंचांचा फरक.

पहिला संशय उतारावर. रस्त्याकडच्या कोपऱ्यापासून समोरचा कोपरा तीन फूट खाली होता. अशा जमिनीवर टेप लोळवली तर मोजलं जातं ते उताराचं अंतर, आडवं नव्हे. 45 फुटांच्या कर्णावर तीन फूट उतार असेल, तर माप इंचापेक्षा जास्त फुगतं. (हेही पायथागोरसच, फक्त उभं धरलेलं.) म्हणून पाण्याच्या नळीने लेव्हल घेऊन, खालच्या टोकाला ओळंबा सोडून, टेप आडवी ताणून दोन्ही कर्ण पुन्हा घेतले. मेस्त्रीनेही तसेच घेतले होते, आकडे हलले नाहीत. म्हणजे उतार निर्दोष.

"कर्ण किती धरलात?" विचारलं, तर त्याने मोबाइल दाखवला. 36 चा वर्ग 1296, 28 चा 784, बेरीज 2080, वर्गमूळ 45.607. गणित अगदी बरोबर. पण त्याने .6 म्हणजे सहा इंच वाचलं. फुटाचे इंच बारा, दहा नव्हेत. .607 ला 12 ने गुणलं की 7.28 इंच होतात, म्हणजे 45 फूट 7 इंच 2 सूत. पाढे पक्के असलेली माणसंही इथेच घसरतात.

कर्ण सव्वा इंच आखूड धरला, म्हणून मागची अख्खी बाजू दीड इंचाहून जास्त एका अंगाला सरकली. बाजू तशाच राहिल्या, चौकोन मात्र कलला. गुण्यात ते का दिसलं नाही? 28 फुटांवर दीड इंच सरकणारी रेघ दोन फुटांवर सूतभरही सरकत नाही. काटकोन काढायच्या तीन-चार-पाचच्या त्रिकोणाची गतही तीच. 3 आणि 4 फुटांच्या खुणा घेऊन 5 फुटांत एक सूत चुकलं, आणि दोरीच्या जाडीतच तेवढं जातं, तर 28 फुटांवर दीड इंच पडतो. म्हणून साइटवर निदान 9-12-15 घ्यावं, मग तीच चूक अर्ध्या इंचावर येते. बौधायनाच्या शुल्बसूत्रातही नियम कर्णाच्या दोरीचाच आहे. शुल्ब म्हणजे दोरी. पण दोरी ओली-सुकी बदलते, म्हणून मापाला स्टीलची टेपच हवी.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. रस्त्याकडची 36 ची रेघ कायम ठेवली. तिच्या एका टोकापासून 28, दुसऱ्या टोकापासून 45 फूट 7 इंच 2 सूत अशा दोन टेपा एकदम ताणल्या आणि जिथे मिळाल्या तिथे खुंटी ठोकली. चौथा कोपरा तसाच उलट बाजूने. मग दोन्ही कर्ण सारखे, आणि समोरासमोरच्या बाजूही सारख्या. दोन्ही बघावं लागतं, कारण नुसते कर्ण जुळले तर आकार एका बाजूला निमुळताही असू शकतो. बुर्ज्या (आखणीच्या खुणा धरून ठेवणारे छोटे खांब) खड्ड्याच्या रेघेपासून चार फूट बाहेर घेतल्या, नाहीतर खोदाईत आखणी मातीबरोबर जाते.

तशीच फक्की मारली असती, तर चूक थेट फरशीत उगवली असती. भिंतीलगतच्या लाद्यांना पाचरीसारखे तुकडे, वर कौलांच्या ओळी पाख्याला तिरक्या. जोत्याचे चिरे बसल्यावर ते कोण उचकटणार?

निघताना मेस्त्री छपराच्या वाशाची लांबी विचारू लागला. आढ्यापासून भिंतीपर्यंत 14 फूट, वळचण 3 फूट, चढ दोन फुटांना एक. त्याने स्वतःच 17 आणि साडेआठ टाकले, वर्गमूळ आलं 19.007. दशांशावर बोट ठेवून तो थांबला, 12 ने गुणलं, आणि म्हणाला, "सूतभरसुद्धा नाही, 19 फूटच धरतो."