ब्रेकपर्यंत बोटच पोचत नव्हतं

पुण्यात १२ वर्षं सायकली दुरुस्त करतोय, पण तो सोमवार काही डोक्यातून जात नाही. शटर अर्धं वर केलं तोच एक काका आणि त्यांची कॉलेजातली मुलगी एमटीबी, म्हणजे डोंगरात चालवायची सायकल, घेऊन दारात उभे, पोरीचं कोपर सोललेलं, तळहाताला पट्टी. रविवारी सिंहगडाचा घाट उतरताना एका वळणावर सायकल थांबलीच नाही. काका म्हणाले, "भाऊ, पैशाचं बघू नका, आजच्या आज हायड्रॉलिक ब्रेक टाकून द्या."

आधी ब्रेकचे पॅड काढले, तर आरशासारखे चकचकीत. घाटभर ब्रेक सतत दाबून धरला की पॅड तापतात, वरचा थर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग कितीही दाबा, पकडतच नाहीत. पण केबलचा डिस्क ब्रेक तसा बरा होता, रोटर, म्हणजे पॅड जिला पकडतात ती चकती, १६० एमएमची. मग हिनं दाबून का धरला?

म्हटलं, ताई, बस सायकलवर, मी हँडल धरतो, तू नेहमीसारखा ब्रेक धर. तिनं अंग पुढं ताणून, ग्रिप जवळजवळ सोडून बोटांची नुसती टोकं लिव्हरवर टेकली. ती म्हणाली, "दादा, एकदा पकडला की सोडायची भीती वाटते, परत हाताला लागेल का नाही म्हणून." फ्रेम १९ इंची, भावाची, आणि ही पाच फूट दोन इंच. सायकल दोन पायांत घेऊन खाली उभी केली तर टॉप ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या दांड्यावर, बोटभर जागा नाही, एमटीबीला निदान दोन इंच तरी पाहिजेच. घेताना रंग बघतात, गिअर मोजतात, टेप कुणीच काढत नाही, याचा मला खरंच राग येतो.

लांब उतारांना हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक, चांगलेच, कमी जोर लावला तरी थांबवतात, पण ह्या फ्रेमवर ते पैसे घालू नका असं काकांना स्पष्ट सांगितलं. नवीन पॅड घातले, केबल बदलली, रोटर स्पिरिटनं पुसला. लिव्हरच्या बुडाशी बारीक स्क्रू असतो, २ एमएमच्या एलन कीनं तो अर्धा अर्धा फेरा फिरवत लिव्हर तिच्या पहिल्या बोटाच्या पेराखाली येईपर्यंत आत घेतला. मग नवे पॅड रोटरवर नीट बसायला गल्लीत वीसेक वेळा वेग घेऊन हळूहळू थांबव म्हटलं, आणि घाटात दाबायचं, सोडायचं, परत दाबायचं.

ती परत आली तेव्हा लिव्हरवर एकच बोट होतं, बाकीची ग्रिपवर घट्ट. काकांनी स्वतःहून टेप मागितला. तिला भिंतीला टेकवून, पायांत जाड वही धरून पायाची आतली उंची मापली, २८ इंच, आणि बिलाच्या मागं लिहून दिलं.