पिशवीतले नऊ फोटो

आमच्याकडे येणारी निम्मी माणसं एक्सरे म्हणतच नाहीत, फोटो म्हणतात. "छातीचा फोटो काढायचाय." ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये मी सोळा वर्षं टेक्निशियन आहे. दिवसाला चाळीस-पन्नास फोटो होतात आणि घरी पोचेपर्यंत ते डोक्यातून गेलेले असतात. ऑगस्टमधला एक मात्र गेलेला नाही.

त्या दिवशी धो-धो पाऊस होता, पेशंट कमी. खारेगावच्या एक आजी पाच वर्षांच्या नातीला घेऊन रिक्षाने आल्या. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत फिल्मांचा गठ्ठा, वर चिठ्ठी: एचआरसीटी चेस्ट, म्हणजे छातीचा बारकाईने काढायचा सीटी स्कॅन. पोरीला डिसेंबरपासून खोकला, मध्येच ताप. औषध दिलं की पंधरा दिवस बरी, मग पुन्हा तेच.

"आई नाही आली?"

"तिला पाचवा लागलाय. म्हणून मीच आले."

पैसे भरायच्या आधी आजींनी विचारलं, "ताई, ह्याच्यात किरणं किती जातात?" हा प्रश्न शिकलेले लोकही विचारत नाहीत. ते विचारतात, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येईल का.

छातीच्या एका साध्या फोटोत 0.02 ते 0.1 मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं माप) जातात. काहीही न करता, माती, हवा, आकाश, खाणं यांतून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतातच. मोठ्या माणसाच्या छातीच्या सीटीत सहा-सात. लहान मुलाला आम्ही सेटिंग उतरवून पुष्कळ कमी देतो, तरी ते फोटोच्या कित्येक पट असतं. शिवाय मुलांच्या पेशी भराभर वाढत असतात आणि पुढे आयुष्य लांब असतं, त्यामुळे तेवढीच मात्रा त्यांना जास्त महाग पडते. आजींना मी एवढंच म्हटलं, "फोटोपेक्षा बरीच जास्त. पण गरज असेल तर करायचं. आधी जुने फोटो बघू दे."

खरं तर हे माझं काम नाही. माझं काम चिठ्ठीप्रमाणे करणं. पण सीटीवर आधीचा पेशंट होता, वेळ होता. व्ह्यू बॉक्सवर, म्हणजे फिल्म बघायच्या उजेडाच्या पेटीवर, एकेक फिल्म तारखेने लावत गेले. नऊ महिन्यांत नऊ फिल्म, पाच वेगवेगळ्या ठिकाणच्या. दोन फिल्मवर उजवं-डावं लिहिलेलंच नव्हतं, हृदय डावीकडे असतं या भरवशावर सगळं चाललेलं. एकीत हनुवटीपासून मांड्यांपर्यंत पोर आलेली. छातीच्या फोटोत मांड्या कशाला? किरणांची चौकट लहान-मोठी करणाऱ्या कॉलिमेटरच्या दोन चक्र्या फिरवायला दोन सेकंद लागतात. प्रकाशाची चौकट छातीपुरती केली की बाकीच्या अंगावर थेट किरणं पडत नाहीत आणि विखुरणारी किरणं घटल्याने चित्रही स्वच्छ येतं. पण नातेवाइकांना फिल्म मोठी हवी असते. "एवढासाच फोटो? पैसे तर पूर्ण घेतले," हे मी शंभरदा ऐकलंय.

आणि नऊ फिल्म म्हणजे नऊच एक्सपोजर असं समजू नका. पोर हलली, फोटो हलला, पुन्हा काढला, तर पहिला मशीनमध्येच नाकारला जातो. पिशवीत फक्त चांगले येतात. माझ्या छातीवर टीएलडी बॅज असतो, मला किती किरणं लागली ते नोंदवणारा. तो दर तीन महिन्यांनी मोजायला जातो, माझ्यासाठी वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे आणि माझा आकडा बहुतेक वेळा शून्यच येतो. माझी वही ठेवली जाते. या पोरीची वही म्हणजे ती साडीची पिशवी.

सर, म्हणजे आमचे रेडिओलॉजिस्ट, चारला आले. ओल्या छत्रीसकट व्ह्यू बॉक्ससमोर थांबले. नऊही फिल्मवर उजवीकडे खाली तोच ढग, कधी दाट, कधी पुसट. एकेकटी फिल्म बघितली तर न्यूमोनिया. ओळीने लावल्या तर दर वेळी तिथेच का?

"सगळ्या श्वास घेतल्यावरच्या आहेत," सर म्हणाले. "श्वास सोडल्यावरची कुठे आहे?"

कुठेच नव्हती. फिल्म जास्त काढल्या म्हणून मी मघापासून धुमसत होते, आणि जी हवी होती ती कुणी काढलेलीच नव्हती.

सरांनी आजींना विचारलं, डिसेंबरच्या आधी काही खाताना पोरीला ठसका लागला होता का. आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, दिवाळीच्या सुट्टीत सीताफळ खाताना लागला होता, डोळे पांढरे केले होते, पाठीत थापट्या मारल्यावर थांबलं. डॉक्टरांना सांगितलं का? "कुणी विचारलंच नाही."

सीताफळाची बी एक्सरेत सहसा दिसत नाही. पण श्वासनळीच्या फांदीत अडकली तर ती झडपेसारखी वागू शकते: हवा आत जाते, बाहेर येत नाही. श्वास सोडल्यावर फुप्फुस आकसून पांढुरकं दिसायला हवं, पण अडलेला भाग काळाच राहतो. सरांनी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन केला आणि सीटी थांबवला. आमच्या मालकांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता.

आता पाच वर्षांच्या मुलीला "श्वास सोडून थांब" सांगून बघा! ग्रिड, म्हणजे विखुरलेली किरणं अडवणारी जाळी, काढली, कारण एवढ्याशा छातीला ती लागत नाही आणि लावली की मात्रा वाढवावी लागते. किरणांचा जोर 65 केव्ही, प्रमाण दोन एमएएसच्या आत. चौकट खांद्यांपासून शेवटच्या बरगडीपर्यंत. आजींना लेड ॲप्रन घातला, कारण पोर एकटी उभी राहीना. उजवी बाजू दाखवणारं माझं शिशाचं आर अक्षर, ज्याच्याखाली माझी आद्याक्षरं आहेत, चौकटीच्या कोपऱ्यात चिकटवलं. मग पोरीला सांगितलं, "मशीनला मिठी मार. काचेमागे मी मेणबत्ती लावलीय, इथूनच फुंकायची. अजून. अजून. सगळी हवा संपव." दोनदा नुसती तालीम केली, बटणाला हात न लावता. तिसऱ्यांदा तिचे खांदे खाली गेले तेव्हा दाबलं. एकाच फोटोत काम झालं. सोळा वर्षांत कौतुकाने सांगावेत असे फोटो फार नाहीत, हा आहे.

उजवी बाजू खाली काळीच राहिली होती. सरांनी ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून तपासणी, सुचवली आणि फिल्म देऊन आजींना मुंबईला पाठवलं.

इथवरची गोष्ट मी सेंटरमध्ये सगळ्यांना सांगितली. पुढची सांगितली नाही.

फिल्मा पिशवीत भरताना जूनमधल्या एका फिल्मच्या कोपऱ्यात ते आर अक्षर दिसलं. माझं. मला हा पेशंट अजिबात आठवत नव्हता. फिल्म मात्र सुबक होती, छातीपुरती, सगळ्यांत नेटकी. क्षणभर बरंही वाटलं.

मग कन्सोलवर, म्हणजे मशीनच्या कॉम्प्युटरवर, जुनी यादी उघडली. डीआर (डिजिटल एक्सरे) मशीनमध्ये एक सोय आहे: फोटो निघाल्यावर कडा कापून टाकता येतात. छापताना चित्र नेटकं दिसतं, पण किरणं तर आधीच जाऊन आलेली असतात. मी ती कापलेली कड उघडली. हनुवटी, पोट, कंबर, मांड्या. तो शनिवार होता, बाहेर वीस माणसं असणार. आधी एक नाकारलेलाही होता, हललेला.

आणि कडेला, पोरीचा दंड धरलेला एक हात. मनगटात सहा बांगड्या.

आजींच्या हातात बांगड्या नव्हत्या, एक पाटली होती. मी उगीच विचारल्यासारखं विचारलं, "जूनमध्ये इथे आलात तेव्हा कोण होतं?"

"तिची आई. तेव्हा कुठे आम्हाला कळलं होतं दिवस गेल्याचं."

गरोदर असल्यास सांगावे, अशी पाटी आमच्याकडे आहे, तीन भाषांत. खोलीचं दार उघडलं की ती दाराआड जाते. म्हणून मी तोंडाने विचारते. दरवेळी विचारते, असं मी कुणालाही सांगितलं असतं. त्या शनिवारी विचारलं का? ॲप्रन दिला का? चौकटीत फक्त मनगट आहे.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "अगं, दोन फोटोंची विखुरलेली किरणं. बाळापर्यंत पोचलेली मात्रा इतकी कमी की त्याने काही होत नाही. 100 मिलिग्रे मात्रेच्या खाली गर्भात व्यंग येत नाही आणि हे त्याच्या जवळपाससुद्धा नाही." मला माहीत आहे. हेच मी घाबरलेल्या बायकांना सांगते, आणि ते खरं आहे.

दहा दिवसांनी आजींचा फोन आला. बी निघाली. काळी, गुळगुळीत, डॉक्टरांनी डबीत घालून दिली. पोर बरी आहे, जिन्यावरून धावते. आजींनी मला इतके आशीर्वाद दिले की मी मध्येच पेशंट आल्याचं सांगून फोन ठेवला. जानेवारीत बाळंतपण झालं की पेढे घेऊन येणार आहेत.

पाटी आता आम्ही चेंजिंग रूममध्ये आरशाशेजारी लावली आहे. कन्सोलची डिस्क भरली की जुन्या प्रतिमा आपोआप पुसल्या जातात. जूनमधली ती मी लॉक केली आहे. नव्या मुलाला कॉलिमेशन शिकवायला, असं सरांना सांगितलंय. त्याला अजून दाखवलेली नाही.