जाळायचंच आहे, तर आधी भाजता कशाला?

हा प्रश्न मला कुठेही गाठतो: लग्नात, एसटीत, परवा तर सलूनच्या खुर्चीत. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जळणाच्या गोळ्या शेवटी कोळशासोबत वीज केंद्राच्या बॉयलरमध्येच जाणार, मग आधी भाजायचा उपद्व्याप कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाच सांगतो.

कच्चा शेंगदाणा खलबत्त्यात चेचला की चेंदा होतो, भाजलेल्याचं कूट होतं. तसंच हे. वीज केंद्रातली दळणारी मिल कोळशाचं पीठ करते. कच्च्या पऱ्हाटीचे मात्र तंतू निघतात. हवा न लागू देता 250-300 अंशांवर भाजली की काडी ठिसूळ होते. वजन 30 टक्क्यांच्या आसपास घटतं, उष्णता 90 टक्क्यांच्या आसपास राहते. व्होलाटाइल, म्हणजे तापल्यावर वायू होऊन उडणारा भाग, कमी झाल्यानं बर्नरच्या तोंडाशीच भपकन पेटण्याची खोड जरा मोडते. केंद्र सरकारच्या 2021 च्या धोरणातही बॉल-ट्यूब मिलला (पोलादी गोळे घालून दळणारी मिल) भाजलेल्याच गोळ्या सांगितल्यात, त्याही 22 टक्क्यांखालच्या व्होलाटाइलच्या. (माझ्या मते त्याला भाजणं नव्हे, लोणारी कोळसा पाडणं म्हणतात. असो.)

आता जे लग्नात सांगत नाही ते.

‘भाजलेली गोळी पाणी धरत नाही, कुठेही थप्पी लावा’ हे वाक्य माझंच. गोळ्या भाजणाऱ्या एका छोट्या युनिटवर मी सल्लागार होतो. गाडी भरायची घाई होती. भाजलेला माल थंड करणाऱ्या कूलरमधून माल हाताला कोमट येत होता. मी म्हणालो, भरा. पोती छतापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी गोदामात फुटाण्यांचा वास. मला वाटलं, माल फक्कड उतरलाय! हमालीचा पोरगा आत गेला आणि मधेच खाली बसला. पडला नाही, चपलेचा अंगठा नीट करायला बसावं तसा बसला. उठेचना. ओढून बाहेर आणला. धूर नव्हता, ज्वाळा तर नाहीच. ताजी भाजलेली गोळी गपचूप ऑक्सिजन ओढते, तापते, कार्बन मोनॉक्साइड सोडते. थप्पीच्या पोटातली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. दारं उघडून, तासाभरानं मधलं पोतं ओढलं तर आत लाल. वारा लागताच पेटलं. थप्पीत खुपसायचा थर्मामीटर माझ्या ड्रॉवरमध्ये होता, प्लास्टिकसुद्धा न काढलेला.

पोरगा बरा झाला. दोन दिवस डोकं दुखलं म्हणाला, तिसऱ्या दिवशी हिशेब घेऊन गेला.

म्हणजे भाजणं चूक? नाही. कूलर छोटा होता, घाई मालकाची होती... बरं, ‘भरा’ मीच म्हणालो होतो. आणि विचारताच आहात तर हेही घ्या: भाजून पोटॅशियम जात नाही. त्यामुळे राख लवकर वितळून बॉयलरच्या नळ्यांना चिकटायची ती चिकटतेच. यावर माझ्याकडे आजही धड उत्तर नाही.

सलूनवाल्याला मी शेंगदाण्यापर्यंतच सांगितलं.